तीन आणि चारच्या मधली वायर

लाल बटण दाबलं आणि मशीन थांबलं नाही. खरं म्हणजे एवढंच झालं. मंठ्याला बेबीनंदाबाईंच्या घराच्या मागच्या पडवीत, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, सागवानाच्या फळीवर कुणाच्या तरी नव्या घराचं नाव कोरलं जात होतं. लाकूड कोरायचं मशीन ते. डिझाइन कॉम्प्युटरमध्ये असतं आणि फिरता कटर टेबलावर सरकत सरकत ते आपोआप गिरवत जातो. हरिओम आत आला, पिशवी खाली ठेवली आणि कुठल्याही मशीनपाशी गेल्यावर करतो तसं आधी तळहातानं लाल बटण दाबून बघितलं. वीस वर्षांची सवय, त्यात विचार कसला. कटर फिरतच राहिला. भुसा उडत राहिला, ‘निवास’मधला ‘नि’ पुरा होऊन ‘वा’ सुरू झाला. त्यानं पुन्हा दाबलं, जोर लावून दाबलं, आणि मग दोन ढांगांत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. आवाज उतरत उतरत बंद झाला. मागच्या बोळातल्या कोंबड्यांचा आवाज एकदम ऐकू यायला लागला. बेबीनंदाबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, “लाइट गेली का भाऊ?” तो म्हणाला, “न्हाई, मीच बंद केलं.” बाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. मेकॅनिक माणूस आला म्हणजे चालू असलेलं बंद करणारच.

त्याला बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. आठ दिवस झाले, अक्षरं तिरपी यायला लागली होती, पाटीचं शेवटचं अक्षर पहिल्यापेक्षा दोन सूत खाली उतरायचं. त्याला फोनवरच कळलं होतं की मोटारीचा आणि रॉडचा जोड ढिला झालाय. दहा मिनिटांचं काम. स्क्रू आवळायचा, चहा प्यायचा, जेवून जा म्हणतील तर जेवायचं आणि उन्हाच्या आत जालना गाठायचं, असं त्यानं सकाळी निघताना ठरवलं होतं. हल्ली तो काहीही ठरवताना आधी परतीचं ठरवत असे. पन्नाशीला अजून चार वर्षं होती, पण थकवा काही वय विचारून येत नाही, आणि त्याचा थकवा तर झोपेनंही जात नव्हता. त्यानं कंट्रोल बॉक्सचे चार स्क्रू काढले. झाकणाच्या आत भुशाचा पिवळा थर. ब्रशनं झाडला तशी कनेक्टरची पट्टी दिसायला लागली, एक, दोन, तीन, चार, आणि तीन आणि चारच्या मधे एक वायर. पिवळी, दोन इंचांची, नीट वाकवलेली. दोन्ही टोकांना झाळ, म्हणजे सोल्डर, दिलेला. टोकांना झाळ देऊन मग वायर कसायची, इतकं नाजूक काम अख्ख्या जिल्ह्यात त्याच्याशिवाय कुणी करत नाही, सगळे नुसती पीळ देऊन कोंबतात. हरिओमला या गोष्टीचा अभिमान होता. त्यामुळं ही वायर दुसऱ्या कुणाची म्हणावं तर तीही सोय नव्हती.

ज्याला यातलं कळत नाही त्यालाही ही गोष्ट समजण्यासारखी आहे. बटणातून एक बारीक करंट सारखा फिरत असतो. बॉक्समधून निघतो, बटणातून आणि टेबलाच्या टोकांना लावलेल्या स्विचांतून जातो आणि परत येतो. तो येतोय तोवर मशीन चालतं. बटण दाबलं, कटर टोकाला जाऊन स्विचवर आदळला किंवा नुसती उंदरानं वायर कुरतडली, तरी करंट तुटतो आणि मशीन उभं राहतं. चूक व्हायचीच असेल तर ती थांबायच्या बाजूनं व्हावी, एवढाच त्यातला शहाणपणा. आणि तीन आणि चारच्या मधे अशी आखूड वायर टाकली की करंट बाहेर जातच नाही, दारातूनच परत फिरतो. बाहेर मग बटण असो नसो. मशीन समजतं सगळं ठीक आहे.

त्याला तो दिवस आठवला, आणि आठवला म्हणजे काय, तो दिवस तिथंच बसून होता. दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी. बाईंकडं देव्हाऱ्यांचं मोठं काम आलं होतं आणि मशीन मधेच उभं राहायचं. कटरच्या मोटारीला वेग देणारा जो ड्राइव्ह असतो त्याची किरकिर वायरींत शिरायची, कुणी बटण दाबलं नसताना मशीनला वाटायचं की दाबलंय. एकदा थांबलं की फळी वाया. यावर खरा उपाय होता. अंगणात खड्डा घ्यायचा, मीठ-कोळसा भरून तांब्याची पट्टी पुरायची, घराला धड अर्थिंग द्यायचं, किरकिर अडवणारी जाळीची केबल वेगळ्या बाजूनं फिरवायची. एका माणसाचा पुरा दिवस. आणि त्या दिवशी त्याच्याकडं दिवस नव्हता. पुंजाराम, म्हणजे त्याचे वडील, केदारखेड्याहून आणून जालन्याला दवाखान्यात ठेवलेले; पोटात पाणी झालेलं. बायकोचे, दैवशालाचे, चार फोन येऊन गेलेले, डॉक्टर कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे म्हणतात. जबाबदार माणूस मंठ्यात मशीनपुढं उकिडवा बसलेला. त्यानं पिशवीतनं पिवळ्या वायरचा तुकडा काढला, झाळ दिला, कसला. मशीन सुरू केलं, दहा मिनिटं चालवून दाखवलं आणि म्हणाला, “आता थांबणार न्हाई.” बाईंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. दिवाळीनंतर येऊन अर्थिंग करायचं असं त्यानं मनात धरलं होतं, पण मनात धरलेलं बाईंना कसं दिसणार. बटण आता मेलेलं आहे, हे तो बोललाच नाही. बोलला असता तर बाईंनी विचारलं असतं, आणि विचारलं असतं तर आणखी अर्धा तास गेला असता. दहाव्या दिवशी वडील गेले. मग दिवाळी आली कधी, गेली कधी.

आणि ते तिथंच थांबलं नव्हतं. त्या वर्षी चार-पाच महिने तो असाच फिरला. जिथं मशीन उगाच थांबतंय म्हणून ओरड, तिथं पिवळी वायर. लोक खूश व्हायचे. परत फोन येत नाही म्हणजे रिपेरी फक्कड झाली, असा समज आपल्याकडं आहे, आणि तो त्यालाही सोयीचा होता. लिहून ठेवायची सवय कधी नव्हती. स्टीलच्या मिलमध्ये होता तेव्हा पॅनलला कुलूप लावल्याशिवाय आत बोट घालू देत नसत, आणि कुणी काही काढलं-घातलं तर वही असायची, त्यावर सही. मिल सुटली, ती वहीही सुटली. लोकांच्या घरात वही कुठली. तिथं आपण सांगू ते खरं.

हातातलं टेस्टर तसंच धरून तो बसून राहिला, आणि तेव्हा त्याला अक्षत आठवला. गेल्या महिन्यात जालन्यात, जुगलकिशोर सेठजींच्या अक्षतची दोन बोटं कटरमध्ये गेली होती. कपड्याचं जुनं दुकान त्यांचं, पोराला लाकडाचा नाद, म्हणून घरातच एक खोली रिकामी करून मशीन घेतलं. ते मशीन हरिओमनंच बसवलेलं. बातमी कळली तसा तो मोसंबीची पिशवी घेऊन भेटायला गेला होता. हातात ग्लोव्ह घालून चालत्या कटरजवळचा भुसा काढत होता पोरगा, असं सगळे सांगत होते, आणि हरिओमनं पलंगाशी बसून म्हटलं होतं, “मशीनला डोळे नसतात बाबा, आपण बघायचं असतं.” अक्षतनं मान हलवली होती. म्हणजे हे वाक्य त्यानं त्या पोराला ऐकवलं होतं, भुलीतनं नुकत्या उठलेल्या पोराला. त्यानं बटण दाबलं असेल का? दाबलं असेल आणि थांबलं नसेल तर? तिथं आपण पिवळी वायर टाकली होती की नव्हती? त्याला आठवेना. जितकं आठवावं तितकं दोन्ही आठवायला लागलं, टाकताना आणि न टाकतानाही.

वायर काढून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. काढून झाकण लावलं असतं तर बाईंना जन्मात कळलं नसतं. त्यानं ती काढलीही. खिशात टाकली. मग जोडाचा स्क्रू आवळला, रॉड हातानं फिरवून बघितला, आणि हे सगळं करताना तो सारखा स्वतःशी म्हणत होता की आता बटण चालतंय, झालं की, मागचं उकरून कुणाचं भलं होणार आहे. हे म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. पण बाई टेबलाच्या त्या टोकाला उभ्या राहून पदरानं बटणावरचं कुंकू पुसत होत्या. दर खंडेनवमीला लावलेलं, थरावर थर, आता वाळून काळपट झालेलं. त्याच्याकडं बघून जरा ओशाळून म्हणाल्या, “कुंकवानं तर बिघडलं न्हाई ना भाऊ? इचारीन इचारीन म्हणत होते.” आणि तेव्हा त्याला राहवेना. त्यानं सांगून टाकलं. सगळं नाही, पण जेवढं पाहिजे तेवढं.

बाईंचा बटणावरचा पदर थांबला. मग म्हणाल्या, “म्हंजे दोन वर्सं हे बटण नुसतंच होतं?”

“हो.”

“आमची शिवकन्या पोटुशी होती तवा एकलीच चालवत होती मशीन. मी आष्टीला गेल्ते बहिणीकडं.” शिवकन्या म्हणजे त्यांची सून. “घाबरत होती लेकरू. मी तिला म्हणलं, कायी भेऊ नको, काय झालं तर हे लाल बटण हाये.”

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. समोरचा रागावला की निदान काहीतरी उत्तर देता येतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “आनखी कोनाकोनाच्या घरी केलं असं?” त्यानं म्हटलं की आठवत नाही. “मंग आठवा,” बाई म्हणाल्या. त्यानं सांगितलं की आता मशीन पुन्हा मधेच उभं राहील, येत्या रविवारी येऊन खड्डा घेतो, अर्थिंग करतो, तोवर मोठं काम लावू नका. “उभं राहू द्या,” त्या म्हणाल्या, “थांबलं तर थांबलं.” दरवेळी जेवल्याशिवाय न सोडणाऱ्या बाई त्या, आज जेवून जा म्हणाल्या नाहीत. त्यालाही ते बरोबरच वाटलं.

मोटरसायकलवर बसल्यावर ऊन मानेवर आलं. रस्ता रुंद झालाय, गुळगुळीत झालाय, गाडी आपोआप पळते आणि डोकं मोकळं राहतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. दोन्ही बाजूंना काढलेल्या सोयाबीनची रानं, मधेच कुठं उसाचा हिरवा तुकडा. तो घरं आठवत चालला. परतूरचा सुतार, त्याच्या तिथं टाकली. भोकरदनला देव्हारेवाला, तिथं बहुतेक नाही, तिथं अर्थिंग चांगलं होतं. बदनापूरची ती शाळामास्तरीण, ज्योत्स्ना नावाची, लाकडी खेळणी करायची, तिचं घर आठवलं, जिना आठवला, जिन्यातलं मांजर आठवलं, बॉक्स उघडलेला काही आठवेना. वडिलांच्या अंगावरची हिरवी चादर मात्र लख्ख आठवत होती. त्या दिवसांत तो घरोघर गेला पण डोळे दवाखान्यातच ठेवून गेला होता, असं काहीतरी असावं. हे कारण खरं होतं आणि तरी त्याला त्याचा कंटाळा आला. वडील गेल्याचं कारण त्यानं दोन वर्षं सगळीकडं वापरलं होतं, उशीर झाला तरी, चिडला तरी, आणि आता ते इतकं झिजलं होतं की स्वतःलाही सांगवत नव्हतं. बिचारे वडील. माणूस मेल्यावरही त्याच्याकडून किती कामं करून घ्यायची.

वाटूर फाट्याला तो थांबला, हॉटेलच्या सावलीत गाडी लावली आणि दैवशालाला फोन केला. “जुगलसेठकडं मशीन कधी बसवलं मी, ध्यानात हाये का तुझ्या?”

“बाबा गेले त्याच्या आदल्या हप्त्यात,” ती लगेच म्हणाली. “तिथून तुम्ही सरळ दवाखान्यातच आल्ते की. अंगावर समदा भुसा. बाबा म्हणले, ह्याच्या अंगाला लाकडाचा वास येऊन राह्यला. कामून विचारून राह्यले?”

“असंच.”

“असंच म्हणून तुम्ही कधी काय विचारत न्हाई,” ती म्हणाली आणि वाट बघत राहिली. त्यानं फोन ठेवला. म्हणजे त्याच दिवसांत. अगदी त्याच. चहा मागवला होता तो त्यानं अर्धाच प्यायला. त्याला वाटलं, न जावं. घरी जावं, पडावं, उद्या बघू. अक्षतची बोटं काही आज गेल्यानं परत येणार नव्हती. आणि वायर असलीच तर ती आता एक महिना बंद मशीनमध्ये पडून आहे, कुणाला काही करत नाही. हे सगळं त्यानं गाडी सुरू करता करता म्हटलं आणि जालन्यात शिरल्यावर गाडी घराकडं न वळता नव्या जालन्याकडं वळली. त्यानं ती वळवली असं म्हणायला हरकत नाही, पण त्याला तसं वाटलं नाही.

जुगलकिशोर सेठजी दुपारचे दुकानातून जेवायला घरी आलेले. “या या हरिओमजी, बैठो,” म्हणून त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. साठी उलटलेला, कपाळावर केशराचं बोट ओढलेला शांत माणूस. पोराला लागल्यापासून जरा वाकल्यासारखा दिसायचा. अक्षतची बायको कनिका पाणी घेऊन आली. हरिओम म्हणाला, मशीन एकदा बघून घेतो, बंद पडून राहिलं की खराब होतं. खोटंच होतं ते, पण सेठजींनी मान डोलावली. खोलीत मशीनवर जुनी चादर टाकलेली. अक्षत मागोमाग आला आणि दाराशी उभा राहिला. उजव्या हाताचं बँडेज निघालं होतं. पहिली दोन बोटं मुळापाशी संपत होती आणि तिथली कातडी लहान पोराच्या कातडीसारखी गुलाबी होती. हरिओमनं तिकडं बघितलं आणि मग बघितलं नाही.

चार स्क्रू. चौथा सुटेना, हात घामेजले होते. झाकण निघालं. त्यानं डोळे मिटले नाहीत, पण मिटावेसे वाटले. तीन. चार. मधे काही नव्हतं. त्यानं बोटानं चाचपून बघितलं. काही नव्हतं. मेन चालू केला, बटण दाबलं, आतला करंट तोडणारा रिले टक्क करून पडला. बटण फिरवून सोडलं, पुन्हा दाबलं. टक्क. पुन्हा. सहा-सात वेळा त्यानं ते केलं आणि प्रत्येक वेळी मशीन शहाण्यासारखं मेलं. त्याला एवढा आनंद झाला की लाज वाटली. पोराची बोटं गेलेली आणि आपण त्याच्यासमोर बसून आनंदतोय. पण झाला खरा. तो तिथंच फरशीवर मांडी घालून बसला. सकाळपासूनचा, दोन वर्षांचा शीण एकदम अंगावरून उतरल्यासारखं वाटलं आणि त्या भरात तो बोलून गेला. मंठ्याचं, पिवळ्या वायरीचं, सगळं. “मला वाटलं, तुझ्याबी इथं टाकली की काय. बटण दाबूनबी थांबलं न्हाई की काय.”

“न्हाई काका,” अक्षत म्हणाला. “बटण बराबर होतं. बटणाचं काहीच न्हाई.”

तो पुढं आला. जे झालं ते त्यानं कुणाला दाखवलं नव्हतं, असं त्याच्या चालण्यावरून वाटत होतं. टेबलाच्या डाव्या टोकाशी, जिथं कटर होता तिथं, त्यानं उजवा पंजा फळीवर टेकवला. मग डावा हात स्वतःच्या छातीवरून ओलांडून उजवीकडच्या बटणाकडं लांब केला. खांदा ताणला, टाचा उचलल्या. बोटं बटणाच्या वीतभर अलीकडं थांबली.

“ग्लोव्ह गुंतला होता,” तो म्हणाला. “एक बोट तर गेलंच असतं, ते बटणानं वाचलं नसतं. दुसऱ्याच्या टायमाला मी बटणच बघून राह्यलो होतो. मंग कनिका धावत आली, तिनं मेन पाडला.”

बटण टेबलाच्या उजव्या टोकाला, भिंतीवरच्या लक्ष्मीच्या फोटोखाली होतं. हरिओमनंच ते तिथं बसवलं होतं. नियम त्याला पाठ होता, मिलमध्ये रोजचा होता. दोन्ही टोकांना दोन बटणं, कुठलाही एक हात अडकला तरी दुसरा पोचला पाहिजे. पण सेठजी त्या दिवशी म्हणाले होते की एकच राहू द्या, त्याला दर साली तिलक लागणार, ते उजव्या बाजूला, पूजेपाशी घ्या, डाव्या हाताला नको. आणि हरिओमनं हातातल्या घड्याळात बघून म्हटलं होतं, घेऊ की. दुसरं बटण म्हणजे आणखी पाच मीटर वायर आणि एक तास. एवढं लख्ख त्याला आठवलं, घड्याळातला काटासुद्धा.

जुगलकिशोर दारात उभे होते. ते पोराच्या लांब केलेल्या डाव्या हाताकडं बघत होते, मग बटणाकडं, मग पुन्हा हाताकडं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि हरिओमला कळलं की आता त्यांना कळलंय. “हरिओमजी,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “उजवीकडं घ्या असं मीच म्हणलो होतो ना?”

हो म्हटलं असतं तर ते खरंच होतं. सगळं मिटलं असतं आणि त्याला घरी जाऊन झोपता आलं असतं. हरिओम फरशीवरून उठला, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश.

“तुम्ही म्हणले,” तो म्हणाला. “पण तुम्हाला मशीनचं काय माहीत, सेठजी. मला माहीत होतं.”